जुने गुलाब किती जगतात आणि ते जपायचे कसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फांदी मागायला येणारी माणसं आधी गुलाबाबद्दल दहा प्रश्न विचारतात आणि मग जाता जाता फांदी मागतात. बरेचसे प्रश्न तेच असतात, म्हणून ते एकदा लिहून काढले. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. पुण्याजवळ थोडी जागा आहे, तिथं तीसेक जुने गुलाब आहेत, आणि मारलेल्या रोपांची संख्या त्याहून बरीच मोठी आहे.

'जुना गुलाब' म्हणजे नेमका कोणता?

आपण दोन वेगळ्या गोष्टींना जुनं म्हणतो. अंगणात पन्नास वर्षं उभं असलेलं झाड, ही एक. आणि ज्या वाणाचा जन्मच जुना आहे असा गुलाब, ही दुसरी; मग त्याचं रोप काल का लावलेलं असेना. गुलाबवाले 'ओल्ड गार्डन रोझ' म्हणतात तेव्हा त्यांना दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. अमेरिकन रोझ सोसायटीनं १९६६ मध्ये रेघ ओढली ती अशी: १८६७ पूर्वी जे गट अस्तित्वात होते ते जुने. त्या साली फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या गियो यांनी 'ला फ्रान्स' हा गुलाब आणला आणि तिथून हायब्रिड टी, म्हणजे आज फुलवाल्याकडे दिसणाऱ्या टोकदार कळीच्या गुलाबांचा काळ सुरू झाला, असं धरतात.

यातला बारकावा असा की मोजायचं ते गटाचं वय, वाणाचं नाही. चायना किंवा टी गटातला एखादा वाण १९०० मध्ये निघाला असला तरी तो जुन्यांतच बसतो. बाकीचे गट गॅलिका, दमास्क, आल्बा, सेंटिफोलिया, मॉस, नॉइझेट, बूर्बों, पोर्टलंड आणि हायब्रिड पर्पेच्युअल.

एक रोप किती वर्षं जगू शकतं?

लोकांना आकडा हवा असतो, म्हणून दोन प्रसिद्ध झाडांची गोष्ट सांगतो.

जर्मनीत हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलच्या भिंतीवर एक गुलाब चढलेला आहे. त्याला हजार वर्षांचा गुलाब म्हणतात आणि दंतकथा त्याला नवव्या शतकापर्यंत मागं नेते. दंतकथा बाजूला ठेवू. २२ मार्च १९४५ ला त्या शहरावर बॉम्बहल्ला झाला, कॅथेड्रल कोसळलं, गुलाब जळाला आणि ढिगाऱ्याखाली गाडला गेला. त्याच वसंतात ढिगाऱ्यातून नवे फुटवे वर आले. वरचं सगळं गेलं होतं, मूळ जिवंत होतं.

दुसरं झाड अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या टूमस्टोन गावात आहे. पांढऱ्या बँक्सिया गुलाबाची फांदी स्कॉटलंडहून आली आणि १८८५ मध्ये तिथं लागली. आज तो मांडवावर पाच हजार चौरस फुटांहून जास्त जागा व्यापून आहे आणि त्याचं खोड एखाद्या जुन्या आंब्यासारखं दिसतं.

पण हुरळून जाऊ नका. हिल्डेसहाइमचा गुलाब रानटी जातीचा आहे (रोझा कॅनिना), आणि बँक्सिया हा मुळातच दांडगा वेल. आपल्या परसातल्या झुडपाला तो हिशोब लावता येत नाही. चायना किंवा टी गटातलं झुडूप बरी जमीन मिळाली तर दोन-तीन पिढ्या सहज काढतं. कुंडीतला कलमी हायब्रिड टी माझ्याकडे आठ-दहा वर्षांत दमतो.

हा फरक कशामुळे?

मुख्यतः मुळांमुळे. नर्सरीतला गुलाब बहुतेक वेळा दोन झाडांचा बनलेला असतो. खाली खुंट, म्हणजे एडवर्ड, रोझा इंडिका किंवा मल्टिफ्लोरा, आणि त्यावर डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, भरलेला हवा तो वाण. ही जोडणी पुढं म्हातारी होते, तिथं बुरशी शिरते, उन्हानं साल तडकते. जोडणीच्या वरचा भाग मेला की तुमचा गुलाब संपला. खाली उरतो तो खुंट.

स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या गुलाबाचं तसं नाही. वाळवीनं खाल्ला, गाईनं ओरबाडला, कुणी कोयत्यानं जमिनीलगत उडवला, तरी तळातून जो फुटवा येतो तो त्याच वाणाचा असतो. आजीच्या काळात फांदी खोचून लावायची पद्धत होती. त्यामुळे जुन्या अंगणांतले गुलाब बहुधा स्वतःच्या मुळांवर आहेत, आणि ते टिकलेत यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

सात पानांचा फुटवा आला की तो खुंटाचा, कापून टाकावा, हे खरं का?

नाही. हा समज निघून जावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यापायी चांगले गुलाब मेलेले मी पाहिले आहेत. हायब्रिड टीच्या पानाला बहुधा पाच दलं, म्हणजे एकाच देठावरची छोटी पानं, असतात, म्हणून हा ठोकताळा निघाला. पण अनेक जुन्या गुलाबांना सात दलं ही नेहमीचीच बाब. माळीबुवा नवे येतात, 'जंगली झालाय' म्हणतात आणि खरा गुलाब बुडातून छाटून टाकतात.

दलं मोजण्याऐवजी तुलना करा. फुटवा कुठून निघतोय ते माती बाजूला करून बघा. गाठीसारखी जोडणी दिसली आणि फुटवा तिच्या खालून येत असेल, शिवाय त्याच्या पानांचा रंग, काट्यांचा आकार वरच्या झाडापेक्षा वेगळा असेल, तर तो खुंट. गाठच नसेल तर हात लावू नका. आणि तरीही शंका असेल तर एक फूल येईपर्यंत थांबा.

वाण म्हणून गुलाब म्हातारा होतो का? दोनशे वर्षं फांद्याच लावत राहिलो तर जोम कमी होत नाही का?

फांदीतून केलेलं रोप म्हणजे मूळ झाडाचाच पुढचा भाग. बाप-लेक हे नातं इथं लागूच होत नाही. २००० साली जपानी संशोधकांनी चार जुन्या दमास्क गुलाबांचा डीएनए तपासला. त्यांत बल्गेरियात अत्तरासाठी लावतात तो 'कझानलिक' होता आणि वर्षात दोनदा फुलणारा 'कात्र सेझों'ही होता. चौघेही एकाच मूळ झाडातून आलेले निघाले. म्हणजे कुठंतरी, कधीतरी एक बी रुजलं, आणि तेव्हापासून आजवर ते झाड हातोहात फांद्यांनी फिरत राहिलंय.

दोन गोष्टी मात्र या प्रवासात बिघडतात. पहिली विषाणू. रोगट झाडाचा डोळा भरला की मोझॅकसारखा विषाणू नव्या रोपात जातो. पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा दिसतात आणि झाड वर्षागणिक किरटं होतं. मग लोक म्हणतात, वाण जुना झाला. खरं तर तो आजारी पडलाय. प्रयोगशाळेत रोप ३८ अंशांच्या आसपास महिनाभर ठेवून असे वाण विषाणूमुक्त करतात, ते घरी जमणारं काम नाही. घरी एवढंच जमतं: रेघा असलेल्या झाडाची फांदी किंवा डोळा कुणाला देऊ नका.

दुसरी गोष्ट म्हणजे अंगचे बदल. पट्ट्यापट्ट्यांचा 'रोझा मुंडी' हा गुलाबी-लाल गॅलिकाच्या एका फांदीवर अचानक उगवला. अशी फांदी कधीमधी मूळ रंगाकडे परत वळते, आणि मूळ रंगाची फांदी जास्त जोमदार असेल तर ती पट्टेवाल्याला गिळून टाकते. जपायचं तर परतलेली फांदी दिसताच कापायची.

बिया जमवून ठेवल्या तर?

रानटी जातींसाठी ठीक. वाणासाठी नाही. हापूसची कोय लावून हापूस येत नाही, तसंच.

आमचा वाडा पाडताहेत. अंगणात आजीनं लावलेला गुलाब आहे. काय करू?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुधा पंधरा दिवस उरलेले असताना. क्रम महत्त्वाचा आहे म्हणून नीट सांगतो.

आधी फांद्या, मग झाड. झाड उचलून नेऊ आणि लावू, या भरवशावर राहू नका. उचललेलं पन्नास वर्षांचं झाड जगेलच असं नाही, आणि ते मेलं तर हातात काही उरत नाही.

नुकत्याच फुलून गेलेल्या फांद्या निवडा. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, चार-पाच डोळ्यांच्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा डोळ्याच्या जरा वर. वरची एक-दोन पानं ठेवून बाकीची काढा. मुळं फुटायची पावडर मिळाली तर लावा, नाहीतर तशाच. वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं, कुंडीला भोकं, निम्म्याहून जास्त फांदी आत, आणि वर अर्धी कापलेली पाण्याची बाटली उलटी. सावलीत ठेवा. रोज उपटून मुळं फुटली का बघू नका (हे मी अनुभवानं सांगतो). महिना-दीड महिन्यात कळतं. नोव्हेंबर ते जानेवारी हा सगळ्यांत चांगला काळ, पण वाडा पाडणारा मुहूर्त बघून येत नाही, तेव्हा मे महिना असला तरी लावा आणि संख्या वाढवा. दहांतल्या चार जगल्या तरी मी खूश असतो.

पावसाळा असेल आणि दोन महिने हाताशी असतील तर गुटी कलम जास्त खात्रीचं. फांदीवरची इंचभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ बांधायचं, वर प्लॅस्टिक. मुळं पांढरी दिसू लागली की कापून कुंडीत.

आता झाड. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. वरचा भाग एक तृतीयांशानं कमी करा. दीड-दोन फूट गोल खणून मातीचा गोळा पोत्यात घट्ट बांधून उचला. मुळं उघडी पडू देऊ नका. नव्या जागी त्याच दिवशी लावा, पंधरा-वीस दिवस हिरव्या जाळीची सावली करा, आणि फुटवे येईपर्यंत खत अजिबात नको. दमलेल्या झाडाला खत घालणं म्हणजे तापात पुरणपोळी वाढणं.

आणि फांद्या एका घरात ठेवू नका. माझ्याकडे फिकट पिवळा एक टी गुलाब होता, नाव माहीत नाही, सांगलीकडच्या एका घरातून आलेला. एकच झाड होतं, कारण मला ते कुणाला द्यायचं नव्हतं. तेव्हा तशी हौस होती. पंधरा दिवस गावाला गेलो, परतलो तेव्हा वाळवीनं बुड पोखरलेलं. शेजारच्या काकूंनी मला न विचारता वर्षभरापूर्वी एक फांदी नेली होती, हे त्यांनी त्या दिवशी कबूल केलं. आज माझ्याकडे जे झाड आहे ते त्या चोरीचं. मी अजून काकूंचे आभार मानलेले नाहीत, कारण त्यांनी नंतर माझी मोगऱ्याची कुंडीही नेली.

गुलाबाचं नाव कसं शोधायचं?

शोधा, पण नाव मिळत नाही म्हणून झाड टाकू नका आणि अंदाजानं नाव चिकटवू नका. चुकीचं नाव हे बिननावापेक्षा जास्त नुकसान करतं. दहा जणांकडे एकच गुलाब तीन नावांनी जातो आणि खरा वाण हरवल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

बर्म्युडा बेटावरच्या लोकांनी यावर सुरेख तोडगा काढला. तिथली रोझ सोसायटी १९५४ पासूनची. बेटावरच्या जुन्या बागांत आणि दफनभूमींत नाव हरवलेले कितीतरी गुलाब होते. त्यांना त्यांनी 'मिस्टरी रोझ' म्हटलं आणि जिथं सापडले त्या घराचं किंवा परगण्याचं नाव तात्पुरतं दिलं: 'स्मिथ्स पॅरिश', 'बेलफिल्ड' असं. त्यातला बेलफिल्ड हा युरोपात हरवलेला मानलेला 'स्लेटर्स क्रिमसन चायना' असावा, असं जाणकारांचं मत आहे. नाव माहीत नसतानाही त्यांनी झाड जपलं, म्हणून हा प्रश्न विचारता तरी आला.

आपणही तेच करावं. माझ्या पाट्यांवर 'कराड, दत्तमंदिराशेजारी, फिकट गुलाबी' अशी नावं आहेत. पाटीबरोबर एक वही ठेवा: कुणाकडून, कोणत्या गावातून, कोणत्या साली, आणि देणाऱ्यानं सांगितलेली गोष्ट. फोटो काढताना फुलाचा एकच काढून थांबू नका. कळीची बाह्यदलं, काटे, पानाची खालची बाजू, देठाजवळची उपपर्णं आणि फळ, यांवरून ओळख पटते. फुलं तर सगळीच गुलाबी. डीएनए तपासणीचं लोक विचारतात. तिचा उपयोग तुलनेला खात्रीचा नमुना असेल तरच होतो.

जुन्या गुलाबांशी आपला काही संबंध आहे, की ही साहेबाची हौस?

संबंध चांगलाच आहे. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलायचे. बारमाही फुलण्याचा गुण गेला तो चिनी गुलाबांतून, आणि त्यांतले काही कंपनीच्या जहाजांतून कलकत्त्यामार्गे गेले. म्हणून चीनचे असूनही त्यांना 'बंगाल रोझ' म्हणत. गिल्बर्ट स्लेटर यांच्याकडे इंग्लंडमध्ये १७९२ च्या सुमारास फुललेला किरमिजी गुलाब त्यांतलाच. आजच्या गडद लाल गुलाबांत त्याचा अंश आहे असं मानतात. त्याचा सोबती 'ओल्ड ब्लश' अजून जगभर फुलतो, आणि २०१८ मध्ये गुलाबाचा पहिला नीट जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला तो याच वाणाचा.

एडवर्डचीही गोष्ट आहे. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर, ज्याचं तेव्हाचं नाव बूर्बों, कुंपणाला दमास्क आणि चायना शेजारी शेजारी लावत. त्यांचा आपोआप संकर झाला, त्याला 'रोझ एदुआर' म्हटलं गेलं, आणि त्याच्यापासून बूर्बों गट निघाला. एदुआरचा आपल्याकडे एडवर्ड झाला. तमिळनाडूत तो 'पन्नीर रोझ', हारांत आणि गुलाबपाण्यात. आपल्याकडे बिचारा खुंट म्हणून राबतो. परसातला सुवासिक गुलाबी 'गावठी' गुलाब कितीदा तरी एडवर्डच असतो: वरचं कलम मेलं आणि खुंट घरचा झाला. गुलकंदाला उत्तम, फवारणी केलेली नसेल तर.

कोडाईकनालचे विरू वीरराघवन यांनी तर मणिपूरचा रानटी रोझा जायगँटिया आणि बंगाल-बिहारच्या पाणथळ भागातला रोझा क्लिनोफिला घेऊन नवे वाण केले. उष्ण हवेसाठी गुलाब हवा तर उष्ण हवेतला पूर्वज घ्यावा, हा साधा विचार त्यामागं आहे.

गॅलिका, आल्बा, सेंटिफोलिया पुण्यात होतील का?

पानं येतील. त्यांना कडक थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. पैसे चायना, टी, नॉइझेट आणि बूर्बोंवर घाला.

छाटणी किती करायची?

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे हायब्रिड टीची गुडघ्यापर्यंत छाटणी करतात. तीच कात्री चायना आणि टी गुलाबांवर चालवली की ती झाडं रुसतात. त्यांचा साठा जुन्या लाकडात असतो. वाळलेलं, एकमेकांत अडकलेलं आणि आत वळलेलं काढा, बाकी हलकंसं. वर्षातून एकदाच फुलणाऱ्यांची छाटणी फुलं गेल्यावर, आधी केलीत तर त्या वर्षीची फुलं कापून टाकलीत असं समजा. काळ्या जमिनीत आळ्यात पाणी साचू देऊ नका. बुडाशी सुकं शेण किंवा लाकडाचा भुसा घालत असाल तर वाळवीवर लक्ष ठेवा.

नर्सरीत हे गुलाब का मिळत नाहीत?

कारण मागणी फुलदाणीतल्या फुलाला आहे. मावळातल्या पॉलिहाउसमधून व्हॅलेंटाइन डेला जे फूल जातं त्याला लांब ताठ दांडा, घट्ट कळी आणि पेटीत टिकण्याची ताकद लागते. जुना गुलाब मान खाली घालतो, दुपारी पाकळ्या गाळतो आणि खोलीभर वास सोडून मोकळा होतो. पॉलिहाउसवाला पाच-सहा वर्षांत झाडं काढून नवी लावतो; त्याला पन्नास वर्षं जगणाऱ्या झाडाचं काय कौतुक? त्याला दोष नाही, त्याचा तो धंदा आहे.

मोठ्या बागा हे वाण जपत नाहीत का?

जपतात. जर्मनीतल्या झांगरहाउझेनची बाग १९०३ पासून आहे आणि तिथं आठ हजारांहून अधिक वाण आहेत. इंग्लंडमध्ये मॉटिसफाँटला ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस यांनी १९७० च्या दशकात जुन्या गुलाबांचा संग्रह उभा केला. शेंड्याचे अंकुर द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवण्याचं तंत्रही आहे. पण बागेचं बजेट कापलं जातं, माळी निवृत्त होतो, पाट्या हलतात. टेक्सासमध्ये १९८० च्या दशकात 'रोझ रस्टलर्स' म्हणवणारी मंडळी जुन्या दफनभूमी आणि पडक्या घरांच्या कुंपणांवरून फांद्या गोळा करत फिरली. अनेक वाण बाजारात परतले ते या हौशी लोकांमुळे. नावात चोरी असली तरी परवानगी विचारायची हा त्यांचा शिरस्ता. आपणही विचारावं. फांदीला सहसा कुणी नाही म्हणत नाही, उलट चहा मिळतो.

कायद्याची काही अडचण?

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या वाणांवर कुणाचा हक्क नाही, हव्या तेवढ्या फांद्या लावा. नव्या वाणांवर पैदासकाराचा हक्क असू शकतो. आणि अमेरिकेतून, लंडनहून येताना मुलीनं बॅगेत फांदी टाकून आणणं मात्र नको. वनस्पती आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. उत्तर अमेरिकेत डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी किडींमार्फत पसरणारा रोझ रोझेट विषाणू बागाच्या बागा खातोय. तो एका प्रेमाच्या फांदीतून इकडे यायला नको.

तुमच्याकडून फांदी मिळेल का?

मिळेल. दिवाळीनंतर हलकी छाटणी करतो तेव्हा या. ओलं वर्तमानपत्र आणि प्लॅस्टिकची पिशवी आणा, त्याच दिवशी लावायची तयारी करून या. दोन फांद्या तुमच्या, एक तुमच्या शेजाऱ्याची, अशा तीनच देतो. वर्षभरानं जगली की मेली ते सांगा. मेली असेल तर पुन्हा या. पिवळ्या टीच्या तर मला तीनदा लावाव्या लागल्या होत्या.